सव्वा पान देशाला, एक वाक्य बहिणीला

पत्र :

ताई, मी पुण्यात टी.वाय.ला आहे, राज्यशास्त्र घेऊन. गाव मराठवाड्यातलं, घरची पाच एकर जमीन, बहुतेक कोरडवाहू. दोन-तीन वर्षांत वाचन वाढलं तशी डोक्यात गर्दी झालीय. पदव्या घेऊन पोरं अभ्यासिकेत म्हातारी व्हायला लागलीत, शेतकरी फास घेतायत, जात काही जात नाही, पोरींना अजून पोटातच मारतात, आणि यावर कोणी बोललं की त्यालाच गप्प करतात. मी बोलतो. वर्गात, हॉस्टेलवर, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच. तिथं थोरल्या काकांशी (ते निवृत्त मास्तर आहेत) बेरोजगारीवरून इतकं वाजलं की ते ग्रुप सोडून गेले. आबा म्हणतात, आधी पोस्ट (सरकारी नोकरी) काढ, मग देश सुधार. मित्र म्हणतात, मोर्चाबिर्चात दिसलास तर नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकशील. ही मतं घेऊन करायचं काय? गप्प बसलो तर स्वतःचीच लाज वाटते, बोललो तर घरात भांडणं. सध्या घरी तसंही टेन्शन आहे, धाकटीची सोयरीक जुळत आलीय, दिवाळीनंतर देण्याघेण्याची यादी करायचीय, समोरच्यांना गाडी पाहिजे म्हणून आबा एक एकर काढायचं म्हणतात. काकांना ग्रुपवर परत घेऊन सविस्तर उत्तर द्यावं का?

उत्तर :

तुझं पत्र छापताना बरंच कापावं लागलं. मूळ पत्रात देशाच्या प्रश्नांवर सव्वा पान आहे, त्यात आकडे आहेत, संताप आहे, दोन-तीन ठिकाणी तर लिहिलंयसही फार छान. बहिणीवर मात्र वर छापलंय तेवढं एकच वाक्य, आणि तेही 'घरी टेन्शन आहे' या खात्यात टाकलेलं. आणखी एका जागी ती ओझरती येते. स्वतःच्या शिक्षणाबद्दल सांगताना तू लिहितोस की बारावीला तिला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण 'दोघांचं झेपणार नाही' म्हणून आबांनी तिला घरी ठेवलं. पुढच्याच वाक्यात तू निवडणूक रोख्यांवर गेलास.

रागावू नकोस. तुझी मतं पोकळ आहेत असं मला म्हणायचं नाही. उलट ती बरीचशी बरोबर आहेत, आणि म्हणूनच ती यादीच्या बैठकीत दिसायला हवीत असं मला वाटतं. पण आधी काकांचं प्रकरण मिटवू, कारण त्याचा धागा तिच्यापर्यंतच जातो.

काका म्हणाले, बेरोजगारी तीन टक्के. तू म्हणालास, दहा टक्के. त्यांनी तुला 'पुण्याला जाऊन शिकवलेला' म्हटलं, तू त्यांना 'भक्त' म्हटलंस, आणि ते ग्रुप सोडून गेले. आता गंमत बघ. केंद्र सरकारचं श्रमशक्तीचं जे नियमित सर्वेक्षण असतं, पीएलएफएस, त्याच्या २०२३-२४च्या अहवालात १५ वर्षांवरच्या सगळ्या लोकांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे आणि १५ ते २९ या वयाच्या तरुणांचा १०.२ टक्के. म्हणजे दोघंही एकाच अहवालातलं, खरंच बोलत होतात. एकानंही दुसऱ्याला 'हा आकडा कुणाचा, कोणत्या वयाचा?' एवढं विचारलं असतं तर भांडण दोन मिनिटांत संपलं असतं. पण ग्रुपवर असं कोण विचारतं? तिथं सगळ्या नातेवाइकांसमोर माघार घ्यावी लागते, आणि निवृत्त मास्तरांना ते पुतण्यासमोर जड जातं.

त्याच अहवालात एक रकाना आहे, तो तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटला. घरच्या शेतात किंवा घरच्या दुकानात जो माणूस पगाराशिवाय राबतो, त्याची नोंद हे सर्वेक्षण रोजगारात करतं. देशातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी एकतृतीयांशाहून जास्त बायका या बिनपगारी मदतनिसांच्या रकान्यात आहेत. बारावीनंतर धाकटी 'घरीच असते' असं तू लिहिलंस. पाच एकरांच्या घरात कापूस वेचणीच्या दिवसांत एकोणीस वर्षांची मुलगी घरी असते म्हणजे काय करते, हे मी तुला सांगायला नको. पहाटे उठून भाकरी, मग रान, अंगावर जुना शर्ट चढवून कमरेला ओटी बांधून दुपारपर्यंत वेचणी, परत आल्यावर गुरांचं. सरकारच्या हिशेबात ती बेरोजगार नाही. काकांचे तीन टक्के तीनवर राहतात त्यात तिचाही वाटा आहे. हा मुद्दा तुझ्या हातात होता, तो सगळ्यात भक्कम होता, आणि तो तुझ्याच चुलीपाशी असल्यामुळे तुला दिसला नाही.

वेचणीची मजुरी कुणीतरी वाचवली तेव्हा तुझी मेस भरली गेली. तुला अपराधी वाटावं म्हणून हे सांगत नाहीये. घरात हिशेब असाच चालतो, आणि तुझ्या आबांनी तो काही नवा शोधून काढलेला नाही. पण 'पदवीधर पोरं म्हातारी होतायत' हे वाक्य लिहिताना जिला पदवीपर्यंत जाऊच दिलं नाही ती कुठल्या वाक्यात बसते, हे एकदा बघ.

आता यादी. जे वाचक आमच्या मराठवाड्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी : सोयरीक पसंत पडली की दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसतात आणि कुणी किती सोनं घालायचं, कपडे कुणी करायचे, जेवण कुणाचं, रोख किती, हे सगळं वहीच्या कागदावर लिहून काढतात. खाली सह्यासुद्धा करतात. पोरीची बाजू गादीच्या कडेला बसते, पोराकडचा एखादा मामा सगळ्यांत जास्त बोलतो, आणि जिचं लग्न आहे ती आत चहाचे कप विसळत असते. आकडे भिंतीआडून ऐकते.

कायदा इथं अगदी साफ आहे. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३नुसार हुंडा घेणारा आणि देणारा, दोघंही गुन्हेगार. शिक्षा किमान ५ वर्षं कैद, आणि किमान १५ हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यांपैकी जो जास्त असेल तो दंड. नुसती मागणी करणं हासुद्धा कलम ४खाली वेगळा गुन्हा. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीत बसणाऱ्या भेटी दिल्या तर त्यांना सूट आहे, पण त्यांची लेखी नोंद ठेवावी लागते. म्हणजे कायद्यालाही यादीच लागते, फक्त तीत मागणी नसावी लागते. गाडी तर मागितलेलीच आहे. शिवाय कलम ६ सांगतं की जे काही दिलं जाईल ते मुलीचं, दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं असेल तर ते ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, तिच्या हवाली केलं पाहिजे. मग त्या गाडीच्या आर.सी.वर कुणाचं नाव लागणार आहे, एवढं विचारून बघ. तुझं नाव पुढे न येता बैठकीचा रंग बदलणारा हा प्रश्न आहे.

पण आबांसमोर कलमं वाचत बसू नकोस. मुलगा पुण्याहून येऊन बापाला 'तुम्ही गुन्हेगार' म्हणाला तर बाप मुलाचं ऐकत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवून विडी पेटवतो. आबा लोभी नाहीत. त्यांना भीती वाटते. गाडी दिली नाही तर पोरगी तिथं सुखानं नांदेल का, ही ती भीती, आणि ती खोटी नाही. २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीचे ६ हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले, ही सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आहे. फरक एवढाच की आबा त्या भीतीवर चुकीचं औषध घेतायत. ज्यांनी सोयरिकीलाच गाडी मागितली ते बारशाला, दिवाळसणाला, घर बांधताना काही मागणार नाहीत याची हमी कोण देणार? हे त्यांना हळू आवाजात, शेतावर, दोघंच असताना विचार. आई जेवायला वाढत असताना तर मुळीच नको, आपल्याकडे त्या वेळी सगळेच हरतात.

आणि त्यांना एक गोष्ट जरूर सांग. तुझ्या सव्वा पानात 'पोरींना पोटात मारतात' असं आहे. २०११च्या जनगणनेत ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा देशाच्या आधी, १९८८मध्ये, महाराष्ट्रानं केला, तरी हे आकडे. त्या पिढीतली सगळ्यात मोठी मुलं आता विशीत आली आहेत. त्यांच्याही आधीच्या पोरांची अवस्था काय झाली ते सोलापूरकरांनी २०२२च्या डिसेंबरात पाहिलं. डोक्याला मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँडबाजा लावून पोरांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही. पण मुलीच्या बापानं त्यातून एक व्यवहार ओळखावा : आज गावोगाव चांगल्या घरची पोरं मुलगी शोधत फिरतायत, आणि आपण शिकू शकणारी, हुशार मुलगी घेऊन वर गाडीही द्यायला निघालोय. हा सौदा तोट्याचा आहे. आबा आदर्शांवर हलणार नाहीत, पण तोट्याच्या सौद्याचं नाव काढलं तर कान टवकारतील. शेतकऱ्याला भाव कळतो.

अर्थात त्यांचं म्हणणं असेल की मुलगा नोकरीवाला आहे, शेतीवाला नाही, म्हणून रेट आहे. तेही खरं. आणि इथंच आबांच्या 'आधी पोस्ट काढ'कडे जरा बारकाईनं बघ. माझा हा अंदाज आहे, चुकीचा असला तर सोडून दे : उद्या तू अधिकारी झालास तर तुझाही रेट निघेल. आज जी एकर जाईल ती तेव्हा परत येईल, असं कुठेतरी त्यांच्या मनाच्या वहीत लिहिलेलं असू शकतं. आबांना आजच सांगून टाक की माझ्या लग्नात आपण काही घेणार नाही. आज सांगायला तुला काही पडत नाही, म्हणून त्यांना ते पटणारही नाही, पण बोललेलं राहतं. तीन-चार वर्षांनी तू गादीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असशील तेव्हा धाकटी ते वाक्य लक्षात ठेवून असेल.

मग त्या एकरचं काय करायचं? जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं मुलीचा त्यात जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हेही स्पष्ट केलं की २००५मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. तरी आपल्याकडे होतं काय, तर लग्नात 'तिचं तिला दिलं' म्हणायचं आणि पुढे कधीतरी रक्षाबंधनाच्या आगेमागे, साडी-चोळी करून, हक्कसोड पत्रावर तिची सही घ्यायची. दिलेलं असतं जावयाला, सुटतो हक्क मुलीचा, आणि सातबारा होतो भावाचा. त्या व्यवहारात फायदा तुझा आहे. देशातल्या विषमतेवर बोलणाऱ्या माणसानं या एका कागदाबद्दल आपलं काय मत आहे हे ठरवून ठेवावं, कारण तो कागद तुझ्यासमोर येणार आहे, नक्की येणार.

माझी सूचना अशी. आबा तिच्यासाठी एक एकर घरातून काढायला तयारच आहेत, तर ती विकून गाडीवाल्याला पैसे देण्याऐवजी ती एकर तिच्या नावावर करावी. महाराष्ट्रात वडिलांनी मुलीला शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बाकीचा नोंदणीचा खर्च आणि तुकड्याच्या क्षेत्राचा नियम दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन विचारून ये, हे काम तुझं, दिवाळीच्या सुट्टीतलं. सातबाऱ्यावर नाव असलेली मुलगी सासरी वेगळी बोलते. जमीन पिकली नाही तरी बोलते. आणि समोरची मंडळी या प्रस्तावावर तोंड वाकडं करतात का, ते बघायला मिळेल. त्यांना मुलीचं भलं हवंय की गाडी, हे यादीच्या कागदावर नाही कळणार, इथं कळेल.

हे सगळं मी लिहून गेले, पण यातलं काहीही करण्याआधीचं एक काम राहिलंच आहे : धाकटीला विचार. तुझ्या पत्रात तिला काय हवंय याबद्दल एक अक्षर नाही. तिला हे स्थळ पसंत असेल. तिला लवकर लग्न करून त्या रानातून सुटायचंही असेल, आणि त्यात काही चूक नाही. किंवा तिला शिकायचं असेल आणि ते बोलून उपयोग नाही हे तिनं केव्हाच ओळखलं असेल. तू तिला वाचवायला निघू नकोस. फोनवर विचारू नकोस, तिथं आई शेजारी असते. घरी गेलास की तिच्याबरोबर रानात जा, वेचणीला बस, आणि गप्पांत विचार. पहिल्यांदा 'मला काय त्याचं, तुम्ही ठरवाल ते' असं म्हणेल. तेच उत्तर धरून बसू नकोस.

शिकायचं म्हणाली तर हातात काहीतरी घेऊन जा. २०२४-२५पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी सगळं त्यात येतं. तुम्ही यांत बसत नसाल तर तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती बघ. फी माफ झाली म्हणजे हॉस्टेल आणि एस.टी. माफ झाली असं नाही, आणि खेड्यातल्या मुलीचं शिक्षण बहुतेक वेळा तिथंच अडतं. तेवढं जमणार नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, घरी राहून, अगदी सासरी राहूनसुद्धा पदवी करता येते. आणि स्थळ पसंत असेल, पण गाडीवरून ती मनातून खचली असेल, तर तेही तिच्या तोंडून ऐक. मग तू आबांशी जे बोलशील ते तिच्या वतीनं असेल. पुढे प्रकरण हाताबाहेर जातंय, तिला दमदाटी होतेय असं वाटलं तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि हुंडा प्रतिबंधक कायद्यात कलम ७ असंही म्हणतं की पीडित व्यक्तीनं दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. ते शेवटचं पाऊल. पहिलं नव्हे.

आबांच्या 'आधी पोस्ट, मग देश'चं एक मात्र मला कौतुक वाटतं. टिळक-आगरकरांचं भांडण त्यांनी चार शब्दांत बसवलंय. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर पुणं किती भांडलं ते तुला मी शिकवायला नको, तुझा विषयच तो. पण त्या काळातला मला जास्त आवडणारा माणूस धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा विधुर. पहिली बायको गेल्यावर कोवळ्या मुलीची स्थळं चालून येत असताना त्यांनी १८९३मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं, आईलाही त्याची झळ लागली. विधवाविवाहावर लेख लिहिणारे तेव्हा बरेच होते. कर्व्यांनी ते मत स्वतःच्या लग्नात वापरलं, आणि विधवांसाठीची त्यांची संस्था उभी राहिली ती त्यानंतर. आबांचं मात्र एक खरं आहे : तू त्यांच्या पैशावर राहतोयस आणि परीक्षा द्यायचीच आहेस तर नीट दे. ग्रुपवर रात्री दीड वाजता काकांना दिलेली उत्तरं कोणत्याही पेपरला येत नाहीत.

मित्रांची भीती थोडक्यात निपटते. शांततेच्या, परवानगी असलेल्या सभेला जाणं हा गुन्हा नाही. २०२३च्या सुरुवातीला एमपीएससी परीक्षेचा नवा पॅटर्न लगेच नको, २०२५पासून लागू करा म्हणून पुण्यात अलका चौकात पोरं बसली होती, ती सगळी परीक्षा देणारीच होती. गुन्हा नोंदला गेला तर मात्र त्रास होतो, चारित्र्य पडताळणीत तो सांगावा लागतो, आणि तो लपवणं हे त्याहून महागात पडतं. तेव्हा कुणाच्या गाडीत बसून, कुणाच्या झेंड्याखाली, काय मागायला चाललोय हे माहीत असल्याशिवाय जाऊ नकोस. पुढारी जामिनावर सुटतात, तारखा पोरं करतात.

उरलं जातीचं आणि शेतीचं, त्यावर तू सगळ्यात तळमळीनं लिहिलंयस. मी त्यावर मत देणार नाही, तुझ्या मताशी साधारण सहमत आहे. फक्त ग्रामसभा काय करू शकते याची एक माहिती देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठरावानं रात्रीतून माणसं बदलत नाहीत, पण गावातल्या एखाद्या बाईला 'ठराव झालाय' म्हणायला आधार मिळतो. तुमच्या गावची ग्रामसभा २६ जानेवारीला असेल. गावच्या मतदार यादीत नाव लागल्यापासून तू तिचा सभासद आहेस. कधी बसलायस? गावातल्या स्मशानाचा रस्ता सगळ्या वस्त्यांसाठी एकच आहे का, पीकविम्याचे अर्ज किती जणांचे कशामुळे फेटाळले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला १० रुपये आणि दीडशे शब्दांचा अर्ज पुरतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुझ्या सव्वा पानातली दोन वाक्यं तरी अशा अर्जाच्या लायकीची आहेत. 'व्यवस्था सडलीय' हे वाक्य नाही, त्यावर जनमाहिती अधिकारी काही देऊ शकत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. काकांना ग्रुपवर परत घेऊन सविस्तर उत्तर द्यावं का? नाही. ग्रुपवर काही नको. दिवाळीला गावी गेलास की दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जा, पाया पड, आणि 'काका, तुमचा तीन टक्क्यांचा आकडा बरोबर होता' हे आधी म्हण. तरुणांचे दहा टक्के नंतर सांग, मास्तर आहेत, अहवाल दाखवलास तर चष्मा लावून वाचतील. त्यांची माफी मागायची की नाही ते तू ठरव, पण 'भक्त' हा शब्द परत घे, मतं बदलायची गरज नाही. कारण यादीच्या बैठकीत तुझा आवाज चालणार नाही. तू पोरगा आहेस, तुला चहाचा ट्रे धरायला लावतील. आबा बोलणार नाहीत, ते मुलीचे बाप आहेत. त्या गादीवर 'गाडीचं आमच्याकडून व्हायचं नाही, पोरीच्या नावावर जमीन करतो, बघा जमतं का' असं म्हणायची पत ज्या एका माणसाला आहे तो तुझा थोरला काका आहे. तुझ्या आबांचा मोठा भाऊ, गावातल्या निम्म्या पोरांचा मास्तर. त्यांना यादीच्या आधी किमान आठवडाभर विचार करायला वेळ हवा, तेव्हा लक्ष्मीपूजनाची वाट बघत थांबू नकोस, वसुबारसेलाच एस.टी. पकड. आणि काकांकडे जाण्याआधी धाकटीशी बोलणं झालेलं असू दे, नाहीतर काकांचा पहिला प्रश्न 'तिचं काय म्हणणं आहे?' असाच असेल, आणि तू तिथंच अडकशील.